घरची दोरी

४ डिसेंबर

पोचले एकदाची या बेटावर! बोटीला उशीर झाला, वाऱ्याने माझी लाल टोपी समुद्राला देऊन टाकली, एक पेटी ओली झाली, तरी मी धक्क्यावर उतरले ती हसतच. न्यायला लेओनार आला होता. हा इथल्या शिंपल्यांच्या कारखान्याचा प्रमुख. पन्नाशीचा, अंगाने आडवा, आणि आवाज असा की बोटीने भोंगा वाजवायचीच गरज नाही. माझ्या पेट्या उचलताना म्हणाला, की बाई, प्रयोगशाळा आणलीस की दगड? मी म्हटलं, दगडच आणलेत, तुझ्याच डोक्यात घालायला. तो खदाखदा हसला आणि मला वाटलं, जमेल आपलं इथे.

मीही इथल्यांसारखी फ्रेंच बोलणारी अकादियनच, पण पलीकडच्या किनाऱ्याची. तेवढ्यावरून दुकानात दोघांनी माझ्या बोलीची नक्कल करून घेतली. मीही त्यांच्या बोलीची केली. फिटंफाट.

खोली देलिमा मावशींकडे मिळाली आहे. अख्खं गाव त्यांना मावशीच म्हणतं. नवरा झेफिरिन बऱ्याच वर्षांपूर्वी वादळात गेला, तेव्हापासून एकट्या, पण घर असं गरम आणि बोलकं की एकटेपणाला बसायला जागा नाही. आम्ही दारात पोचलो तर उंबऱ्याशी एक बादली. काळ्याभोर, ओल्या शिंपल्यांनी काठोकाठ. कोणी नवीन माणूस राहायला आलं की घरच्या दोरीची एक बादली त्याच्या दारी ठेवायची, अशी इथली रीत. घरची दोरी म्हणजे आतल्या खाडीत, धक्क्याच्या पोटाशी, सगळ्या गावाने मिळून पाण्यात सोडलेली दोरी, जिला धरून शिंपले वाढतात. विकायच्या दोऱ्या वेगळ्या, त्या बाहेर, उपसागराच्या तोंडाशी. घरची विकायची नाही. ज्याला खावंसं वाटेल त्याने जावं आणि ओढून आणावं.

मावशींनी खारवलेल्या चरबीत कांदा परतला, वर शिंपले ओतले, झाकण ठेवलं. झाकण उघडल्यावर जो वास सुटला त्याचं काय सांगू! एवढे खाल्ले की स्कर्टचा हूक काढावा लागला. मावशी म्हणाल्या, की पोरी, खाणारं माणूस घरात आलं, बरं वाटलं.

मिरेय हवी होती आत्ता. सात वर्षांची माझी लेक मोंक्टनला बापाकडे आहे. रेजांशी आता भांडण असं उरलेलं नाही. दोघं मिळून ठरवलंय, की फेब्रुवारीत माझं इथलं काम कायम झालं तर मिरेय माझ्याकडे, इथल्या शाळेत. दोन फेब्रुवारीला शांदलेरचा सण असतो, त्याच्या गावजेवणाला ती येणार आहे, गाव बघायला. तिला हे गाव आवडलं पाहिजे. मला दुसरं काही नको.

७ डिसेंबर

कारखान्याच्या मागच्या खोलीत माझं दुकान, म्हणजे शिंपले तपासायचं यंत्र, मांडलं. लेओनार, त्याचा धाकटा भाऊ ॲल्फे आणि निम्मे कामगार बघायला जमले. ॲल्फे पाणबुड्या. बर्फाखाली उतरून दोऱ्यांना हूक लावायचं काम त्याचं. उंच, लाजाळू, कान सदा लाल. त्याने विचारलं, की हे एवढंसं यंत्र विष ओळखणार कसं?

मी सांगितलं, की या पट्टीवर डीएनएचे चिमुकले धागे चिकटवले आहेत. त्यांना ॲप्टामर म्हणतात. कोट्यवधी धाग्यांतून निवडत निवडत असा एक धागा काढला आहे, जो एकाच विषाला मिठी मारतो, दुसऱ्या कशाकडे ढुंकून बघत नाही. शिंपला वाटून काढलेला रस पट्टीवर टाकायचा. विष असेल तर धागा त्याला कवटाळून आपला आकार बदलतो, पट्टीतली वीज बदलते, आकडा दिसतो. ॲल्फे म्हणाला, की असा एकनिष्ठ धागा आमच्या लेओनारच्या बायकोला द्यायला हवा होता. लेओनारने त्याला हातमोजा फेकून मारला.

विषाचं नाव डोमोइक आम्ल. समुद्रातल्या एका बारीक शेवाळात तयार होतं, शिंपले ते शेवाळ खातात, आपण शिंपले खातो. शिंपल्याला काहीच होत नाही. वास नाही, चव नाही, उकळूनही जात नाही. माणसाला आधी उलट्या, डोकेदुखी. जास्त गेलं तर आठवण जाते. अलीकडची आधी, मग मागची, मग त्याच्या मागची. हे ऐकून लेओनार म्हणाला, की म्हणूनच तर तुला आणलंय, बाई. सरकारी तपासणीला बाहेरच्या दोऱ्यांचे नमुने मुख्य भूमीवर जातात, बर्फ पडला की निकाल रखडतात. माझं यंत्र धक्क्यावरच सांगेल.

एक घोटाळा झाला. यंत्राला आधी शून्य दाखवावं लागतं, म्हणजे विष अजिबात नसलेल्या शिंपल्याचा रस. माझे वरिष्ठ डॉक्टर ओबें यांनी मुख्य भूमीवरच्या प्रयोगशाळेतून तो गोठवून दिला होता, पण ओल्या पेटीत तोच होता. वितळून नासला. मी हात टेकले. लेओनार म्हणाला, की त्यात काय एवढं, घरच्या दोरीचे घे, त्यांच्याहून स्वच्छ काय असणार? सगळे माना डोलवायला लागले. मला क्षणभर वाटलं, की आधी हेच तपासायला नकोत का? पण तपासणार कशाने? आणि ज्या दोरीची बादली माझ्या दारात ठेवली, तिच्यावर पहिल्याच आठवड्यात शंका घ्यायची, हे मला जमलं नाही. आमच्याकडे पाहुण्याने पानातलं हुंगून बघितलं तर त्याला पुन्हा कोणी बोलावत नाही. घरच्या दोरीवर शून्य लावलं.

१६ डिसेंबर

काम सुरळीत. बाहेरच्या दोऱ्या सगळ्या स्वच्छ. इतक्या स्वच्छ की आकडा शून्याच्याही खाली जातो! थंडीने पट्ट्या कुरकुरत असतील. यंत्राला सांगून टाकलं, की शून्याच्या खालचं सगळं शून्यच दाखव. लेओनारने फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'शून्य' लिहिलं आणि खाली माझं चित्र काढलं. नाक फार मोठं काढलंय मेल्याने.

मिरेयशी फोनवर बोलले. विचारत होती, की शाळेत मुली किती, कुत्रा पाळता येईल का, आणि शिंपल्यांना डोळे असतात का. नसतात म्हटल्यावर म्हणाली, की मग खाईन.

मावशी झेफिरिनची गोष्ट छान सांगतात, तो नाचात पाय घसरून थेट पाद्रीबाबांच्या मांडीवर कसा पडला ती. काल सांगितली. आज सकाळी सांगितली. आत्ता जेवतानाही सांगितली. मी प्रत्येक वेळी हसले. वय झालं की व्हायचंच.

४ जानेवारी

नाताळ आजारपणात गेला. गावभर पोटाची साथ आहे. उलट्या, डोकं ठणकतं, चर्चमध्ये निम्मी बाकं रिकामी. मावशींचा एकच उपाय, शिंपल्यांचा गरम रस्सा. वाडगा भरभरून पाजतात, आणि शेजारी आजारी असेल तर डबा घेऊन बर्फातून जातात. मलाही चांगलंच धरलं होतं. रस्सा पिऊन जरा बरं वाटलं.

खाडी पूर्ण गोठली. आता करवतीने बर्फ कापून भोक पाडतात, ॲल्फे पाण्यात उतरतो, वर लेओनार त्याच्या कमरेची दोरी धरून बसतो. लेओनार दोरी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. दोरी हातात असताना तो बोलत नाही, तंबाखू ओढत नाही, शिंक आली तरी दाबतो. एरवी तोंड बंद न होणारा हा माणूस तेव्हा अगदी वेगळा दिसतो. मला त्याचा आदर वाटला, पण त्याला सांगितलं नाही, डोक्यावर चढेल.

१३ जानेवारी

रविवारी चर्चमध्ये एक भजन म्हटलं. संपलं. पाद्रीबाबांनी तेच पुन्हा सांगितलं. पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा. मी आजूबाजूला बघितलं, कोणाला हसू येतंय का. कोणालाच नाही. सगळे मन लावून गात होते. माझ्या शेजारचा लेओनारसुद्धा.

घरी आले तर मावशींनी तीन पानं मांडलेली. विचारलं, कोण येणार आहे? म्हणाल्या, की अगं झेफिरिन नाही का, बोट लागतेय आत्ता. मी म्हटलं, मावशी, ते गेले ना. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी आत्ताच ती बातमी आणली. खूप रडल्या. मीही रडले. मग डोळे पुसून उठल्या आणि खिडकीशी जाऊन बोट दिसते का बघायला लागल्या.

डॉक्टर ओबेंना फोन करून लक्षणं सांगितली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की आकडे काय येतात? मी सांगितलं, सगळे शून्य. मग दुसरं काही असेल म्हणाले. नवीन शून्य-रस पुढच्या विमानाने पाठवतो म्हणाले.

१९ जानेवारी

आज किटली जळाली. ठेवली कधी ते आठवत नाही.

कारखान्यातून घरी यायला एकच रस्ता आहे. सरळ. त्या रस्त्यावर उभी राहिले आणि कुठे जायचं ते सुचेना. डोकं दुखतंय म्हणून असेल. झोपही नीट नाही. मावशी रोज मला नव्याने विचारतात, की पोरी, तू कुणाची? पहिल्यांदा गंमत वाटली होती. आता दार उघडायच्या आधी मी बाहेरच रेंगाळते.

मिरेयचा आवाज ऐकला की बरं वाटतं. तिने निळे बूट घेतलेत, इथल्या बर्फासाठी.

२३ जानेवारी

लिहायलाच हवं.

सकाळी नमुना घ्यायला गेले. लेओनार चुलीपाशी चहा पीत बसला होता, मोठमोठ्याने बोलत. मी विचारलं, आज पाण्यात कोणी नाही वाटतं? म्हणाला, की ॲल्फे आला नाही अजून, झोपला असेल आळशी. पण ॲल्फेचे जोडे दाराशी होते. त्याचा कोट खुंटीवर होता. आणि लेओनारच्या हातमोज्यांवर ओल्या दोरीचा वळ होता.

धावले. भोकाशी लेओनारचं स्टूल. दोरी नाही. तिचं टोकसुद्धा नाही, पूर्ण आत ओढली गेलेली. भोकावर पातळ बर्फ धरायला लागला होता. म्हणजे ॲल्फेने खालून ओढून बघितलं असणार. वर कोणीच धरलेलं नव्हतं, म्हणून दोरी येत गेली, येत गेली.

किंचाळून सगळ्यांना गोळा केलं. करवती आणल्या, जागोजाग बर्फ कापला. लेओनार सगळ्यांच्या पुढे, रडत, भावाला हाका मारत. दुपारनंतर एकाने करवत थांबवली आणि शेजाऱ्याला विचारलं, की आपण कापतोय कशासाठी? शेजाऱ्याला सांगता येईना. एकेक करून निघून गेले. शेवटी लेओनारही. पोलिसांना मी कळवतो म्हणाला.

ॲल्फे खालीच आहे.

२५ जानेवारी

डॉक्टर ओबेंचा रस काल विमानाने आला. सवयीने पट्टीवर टाकला, नवीन शून्य लावलं. बाहेरची दोरी तपासली, जवळजवळ काही नाही. मग घरची.

यंत्राचा आकडा वर गेला आणि थांबेचना. यंत्राला दाखवता येतो त्याच्याही पुढे गेला. रस पातळ केला. पुन्हा तेच. अजून पातळ केला. पुन्हा तेच.

देवा. मी यंत्राला विष दाखवलं आणि सांगितलं, की हे बघ, याला 'काही नाही' म्हणायचं. त्याने ऐकलं. म्हणूनच बाहेरचे शिंपले शून्याच्या खाली जात होते. ते स्वच्छ होते आणि घरचे— आतल्या खाडीचं साचलेलं पाणी, शरद ऋतूत आलेलं शेवाळ, थंडीत शिंपल्यांच्या अंगातून विष निघतच नाही. आणि सरकारी नमुना कधीच इथला नव्हता. घरच्या दोरीला कोण तपासतं!

बादल्या दारोदार. रस्सा आजाऱ्यांना. मी, मी, माझ्यामुळे.

रेजांला फोन केला. सांगितलं, मिरेयला आणू नकोस, काहीही झालं तरी नको, मी पाया पडते. घाबरला बिचारा. बरं म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. तपासणी कार्यालयातही निरोप ठेवला. मग लेओनारकडे गेले, सगळं सांगितलं. तो पांढरा पडला. म्हणाला, की उद्याच दोरी कापून टाकतो, एकही शिंपला राहू देणार नाही. मग इकडेतिकडे बघून विचारलं, की ॲल्फे कुठाय, दोन माणसांचं काम आहे.

२७ जानेवारी

आज डोकेदुखी जरा कमी. हवा उघडली आहे. मावशींनी झकास शिंपले केले, दोनदा घेतले.

सकाळी तपासणी कार्यालयातून एका बाईंचा फोन. म्हणे, तुम्ही तक्रार केली होती. म्हटलं, नाही हो, आमचे आकडे पहिल्यापासून शून्य आहेत, फळ्यावर लिहिलंय. त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग रेजांचा. विचारतो, मिरेयला खरंच नको ना आणू? मला असा संताप आला! म्हटलं, हे ठरलेलं आहे, आता मागे फिरायचं नाही, माझी लेक माझ्यापासून तोडू नकोस. तो म्हणाला, की परवा तूच तर— मी ऐकूनच घेतलं नाही. बोल बोल बोलले. शेवटी म्हणाला, ठीक आहे, आणतो, रडू नकोस.

शांदलेरला मिरेय येणार! तिच्या खाटेवर मावशींची रजई घातली.

२९ जानेवारी

पान उलटलं. मागचं वाचलं. अक्षर माझं आहे.

घरची दोरी. शून्य. आणि त्याच्यापुढे, मीच रेजांला सांगितलं, की आण—

फोन बंद. तारांवर बर्फ. शेजारीही बंद. कारखान्यात बंद.

लेओनारकडे पळाले. पुन्हा सगळं सांगितलं. पुन्हा पांढरा पडला, अगदी तसाच. पुन्हा म्हणाला, उद्याच कापतो. धक्क्यावर बर्फात बादल्यांची रांग. पोरं ओढतायत. म्हणे शांदलेरसाठी पूर्ण दोरी काढायची असते. मी बादली लाथेने उडवली. त्यांनी हसत पुन्हा भरली.

मी आता शिंपल्याला हात लावणार नाही. लिहिते आहे. हात लावणार नाही.

३० जानेवारी

ताटात टरफलं आहेत. माझ्याच ताटात. कधी—

३१ जानेवारी

आली. निळे बूट. केवढी वाढली! गळ्यात पडली आणि मी तिला घट्ट, घट्ट धरलं.

रेजां विमानातून उतरून लगेच चढला, वादळाच्या आत परत जायचं म्हणून. मी मिरेयचा हात धरून विमानाकडे धावले. पंखा फिरत होता, मी ओरडत होते, थांबा, हिला घेऊन जा— आणि तिथे, त्या आवाजात, कशासाठी धावत होते तेच सुटलं. उभी राहिले. विमान वर गेलं. आम्ही दोघींनी हात हलवला.

आत्ता आठवलं. आत्ता, इथे, लिहिताना.

पुढचं विमान शांदलेरनंतर.

१ फेब्रुवारी

सकाळी डोकं स्वच्छ आहे. तेवढ्यात मिरेयला समोर बसवून सांगितलं. शिंपले खायचे नाहीत. एकही नाही. मावशींनी दिले तरी नाही, कोणीही दिले तरी नाही. तिने विचारलं, की तू दिलेस तरी? मी म्हटलं, हो, मी दिले तरी. तिला हसू आलं. मग माझ्याकडे बघून हसू थांबलं. शपथ घेतली तिने. शहाणी आहे माझी पोर. तिला पाव आणि काकवी देते. तेवढंच. मावशींना ती आवडली आहे. मावशी तिला सोलांज म्हणतात. ते माझं नाव आहे. मी सांगितलं, तर माझ्याकडे बघून विचारलं, की मग तू कोण?

हिला घेऊन चालत जावं, कुठेही. बाहेर काही दिसत नाही. वारा. नुसता पांढरा.

माझ्यासाठी भीती नाही. माझं गेलंच आहे. हिचं—

१ फेब्रु. नंतर

काय लिहायचं होतं. दोरी. दोरी कोणी धरलेली नाही

२ फेब्रुवारी

शांदलेर! गावाने काठीला फिती बांधल्या आणि नाचत नाचत दारोदार आले. मावशींनी पीठ दिलं, मी कांदे दिले, आणि मग त्यांनी आम्हालाही ओढून नेलं. सभागृहात काय गर्दी! काय वाफा! मोठमोठी पातेली. लेओनार नावाचा एक जाडा गृहस्थ सारखा दाराकडे बघतो, भाऊ यायचाय म्हणतो. फार गोड माणसं. मी कोणाकडे पाहुणी आले आहे ते विचारायला हवं. रेजां आज दिसत नाही. मोंक्टनच्या नाचात त्याने ज्या नजरेने बघितलं त्यावरून वाटतं, की वसंतात विचारणार तो मला. आईला अजून सांगितलं नाही.

माझ्या शेजारी एक मुलगी बसली आहे, सहा-सात वर्षांची असेल. निळे बूट. गोड चेहरा, पण सारखी मला चिकटते. समोर एवढे शिंपले आणि ही कोरडा पाव चघळतेय. भूक लागलीय, दिसतंय की तोंडावर. मी एक उघडून तिच्यापुढे धरला. मान हलवली. नको म्हणते, शपथ घेतलीय म्हणते. अगं, कसली शपथ, घरच्या दोरीचे आहेत! मावशीही म्हणाल्या, खा गं बाळा. डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे बघते. मला इतकं वाईट वाटलं. जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला, एक भरवला. तोंडातच धरून बसली. गिळ गं, म्हटलं. गिळला. मग दुसरा. आता खातेय बघ, रडत रडत, पण खातेय, मी उघडून देते आहे आणि मध्ये मध्ये हे लिहिते आहे. विचारलं, कोणी घातली गं असली शपथ? म्हणाली, की आईने. मी म्हटलं, बरी आहे तुझी आई, लेकराला उपाशी ठेवून गेली कुठे? तर ती माझ्याकडे